वकील घडवणारा माणूस : हॉवर्डचे चार्ल्स ह्यूस्टन आणि आपल्यापुढचा प्रश्न

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्याचा निकाल दिला. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरले. हा निकाल आपल्याकडे अनेक भाषणांत येतो. वक्ते थरगुड मार्शल यांचे नाव घेतात, टाळ्या पडतात आणि गोष्ट तिथेच संपते. जणू एक हुशार वकील उभा राहिला, त्याने युक्तिवाद केला आणि नऊ गोऱ्या न्यायमूर्तींचे हृदयपरिवर्तन झाले!

इतिहासाची ही मांडणी आम्हाला मान्य नाही. हृदयपरिवर्तनाची वाट पाहत बसणाऱ्यांना काय मिळते, हे काळाराम मंदिराच्या बंद दरवाजाने आपल्याला केव्हाच शिकवले आहे. ब्राउनचा निकाल ही पंचवीस वर्षांच्या पूर्वतयारीची कमाई होती. ती तयारी एका विद्यापीठाच्या कायदा विभागात झाली आणि ती करून घेणारा माणूस निकाल ऐकायला जिवंतही नव्हता. त्यांचे नाव चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. विद्यापीठात बसून वंशभेदाविरुद्धची कायदेशीर लढाई चालवणे म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे तर मार्शल यांच्याआधी ह्यूस्टन यांच्याकडे जावे लागते.

हार्वर्ड नव्हे, हॉवर्ड

नावे सारखी असल्याने गल्लत होते. हार्वर्ड हे बोस्टनजवळचे श्रीमंत, गोऱ्यांचे विद्यापीठ. हॉवर्ड हे वॉशिंग्टनमधले, गुलामगिरी संपल्यानंतर १८६७ मध्ये प्रामुख्याने काळ्यांच्या शिक्षणासाठी उभे राहिलेले विद्यापीठ. ह्यूस्टन शिकले हार्वर्डला, पण आयुष्याचे काम केले हॉवर्डमध्ये.

ह्यूस्टन यांचा जन्म १८९५ चा, म्हणजे बाबासाहेबांपेक्षा चार वर्षांनी लहान. अ‍ॅमहर्स्ट कॉलेजातून ते १९१५ मध्ये पदवीधर झाले. त्या वेळी बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पहिल्या महायुद्धात ह्यूस्टन सैन्यात अधिकारी म्हणून फ्रान्सला गेले. अंगावर त्याच देशाचा गणवेश, तरी काळ्या अधिकाऱ्याला गोऱ्या सैनिकांकडून मिळणारी वागणूक गुलामासारखीच. जिवंत परतलो तर कायदा शिकायचा आणि ज्यांना उलट वार करता येत नाही त्यांच्यासाठी लढायचे, हा निर्धार त्यांनी तिथे केला. पुढे हार्वर्डच्या विधी नियतकालिकाच्या संपादक मंडळावर निवडले गेलेले ते पहिले काळे विद्यार्थी ठरले. १९२२ ला कायद्याची पदवी, १९२३ ला डॉक्टरेट. १९२४ पासून वडिलांबरोबर वकिली आणि सोबत हॉवर्डमध्ये शिकवणे.

१९२९ मध्ये त्यांच्याकडे हॉवर्डच्या कायदा विभागाचे उपप्रमुखपद आले. प्रमुख नावापुरते दुसरे होते, कारभार ह्यूस्टन यांच्या हाती होता. हा विभाग तेव्हा मुख्यतः रात्रशाळा होता. दिवसा सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करणारे लोक संध्याकाळी येऊन शिकत. शिकवणारेही दिवसा आपापली वकिली करणारे. वकीलसंघाची मान्यता नाही, ग्रंथालय तोकडे. गोऱ्या न्यायालयांत काळ्या वकिलाकडे आधीच तुच्छतेने पाहिले जाई, त्यात अर्धवट तयारीचा ठपका आयताच मिळे.

ह्यूस्टन यांनी रात्रशाळा बंद केली, पूर्णवेळ अभ्यासक्रम सुरू केला, प्रवेशाची अट कडक केली आणि ग्रंथालय वाढवले. १९३१ मध्ये अमेरिकन वकीलसंघाची मान्यता मिळाली.

इथे थांबून एक अडचणीचा प्रश्न विचारला पाहिजे. रात्रशाळा बंद झाल्याने कोणाचे दार बंद झाले? ज्याला दिवसा पोट भरावे लागते त्याचे. माजी विद्यार्थ्यांनी याच मुद्द्यावर ह्यूस्टन यांच्यावर टीका केली. खुद्द ह्यूस्टन यांचे वडील कारकुनी करत करत हॉवर्डमध्येच कायदा शिकलेले होते! म्हणजे मुलाने बापाची शिडीच काढून घेतली, असे कोणी म्हटले तर ते सर्वस्वी खोटे नव्हते. पुढे बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. त्यांनी दुसरा मार्ग निवडला, आणि आपल्या परिस्थितीत तोच योग्य होता.

तरीही ह्यूस्टन यांचा हिशेब समजून घेतला पाहिजे. त्यांना वकिलांची संख्या वाढवायची नव्हती. त्यांना असे मोजके वकील हवे होते, ज्यांच्या कागदात गोऱ्या न्यायाधीशाला खोट काढायला जागाच उरणार नाही. डॉक्टरची चूक जमिनीत पुरली जाते, वकिलाची चूक मात्र पुढच्या सगळ्या पिढ्यांच्या मानगुटीवर बसते, हे ते विद्यार्थ्यांना बजावत. वकील हा एकतर समाजाची रचना बदलणारा अभियंता असतो, नाहीतर समाजाच्या अंगावर वाढणारे बांडगूळ. मधली जागा नाही, ही त्यांची शिकवण. विद्यार्थी मागे त्यांना ‘लोखंडी बूट’ म्हणत, इतका त्यांचा धाक होता. याच वर्गात १९३० मध्ये थरगुड मार्शल दाखल झाले. त्यांच्या स्वतःच्या गावचे, बाल्टिमोरचे, मेरीलँड विद्यापीठाचे कायदा महाविद्यालय काळ्यांना घेत नव्हते. १९३३ मध्ये ते वर्गात पहिले आले.

केंद्र म्हणजे फलक नव्हे

ह्यूस्टन यांच्या काळात ‘वंशीय न्याय केंद्र’ असा शब्दही नव्हता. फलक नव्हता, वेगळा निधी नव्हता, उद्घाटनाला मंत्री आले नव्हते. पण केंद्राचे सगळे काम तिथे चालत होते. विद्यार्थ्यांना न्यायालयात आणि तुरुंगात नेऊन प्रत्यक्ष कारभार दाखवला जाई. प्राध्यापक स्वतः खटले चालवत. १९३३ मध्ये व्हर्जिनियात जॉर्ज क्रॉफर्ड या काळ्या माणसावर दोन गोऱ्या स्त्रियांच्या खुनाचा खटला चालला. त्या भागात अशा आरोपीला फाशीखेरीज दुसरे काही मिळत नसे. ह्यूस्टन फक्त काळ्या वकिलांचा संच घेऊन उभे राहिले. क्रॉफर्डला जन्मठेप झाली, जीव वाचला. सोबत ज्युरीतून काळ्यांना वगळले जाते हा मुद्दा त्यांनी न्यायालयाच्या कागदावर आणून ठेवला.

‘कागदावर आणून ठेवणे’ हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. खालच्या कोर्टात हरलो तरी चालेल, पण अपिलात लागणारा प्रत्येक मुद्दा आणि प्रत्येक पुरावा खालच्या कोर्टातच नोंदला गेला पाहिजे. कारण वरचे कोर्ट नवा पुरावा घेत नाही, खालून आलेलेच वाचते. ज्या समाजाला खालच्या कोर्टात न्यायाची आशा नाही त्याने तर हे दुप्पट काळजीने केले पाहिजे. दक्षिणेतल्या काळ्या मुलांच्या शाळांची अवस्था दाखवण्यासाठी ह्यूस्टन कॅमेरा घेऊन साउथ कॅरोलायनात हिंडले आणि चित्रफीत तयार केली. ‘वेगळे पण समान’ या तत्त्वातला ‘समान’ किती खोटा आहे, हे त्यांना डोळ्यांपुढे ठेवायचे होते.

हे तत्त्व १८९६ च्या प्लेसी निकालातून आलेले. सुविधा समान असतील तर काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवता येते, असा तो निकाल. त्यावर थेट हल्ला केला आणि हरलो, तर तो आणखी पन्नास वर्षे पक्का होणार. म्हणून ह्यूस्टन यांनी आधी ‘समान’ या शब्दाला धरले. तुम्ही समान म्हणता ना? मग करून दाखवा! प्रत्येक राज्याला दुहेरी खर्चाच्या कात्रीत पकडायचे.

सुरुवात प्राथमिक शाळांपासून केली नाही, कायद्याच्या महाविद्यालयांपासून केली. कारणे तीन. एक, बहुतेक दक्षिणी राज्यांत काळ्यांसाठी कायद्याचे महाविद्यालयच नव्हते, त्यामुळे ‘समान’ असल्याचा बहाणा करता येत नव्हता. दोन, विद्यार्थी संख्येने थोडे आणि वयाने मोठे, त्यामुळे गोऱ्या पालकांचा जमाव रस्त्यावर उतरण्याची शक्यता कमी. तीन, न्यायाधीश स्वतः कायदा शिकलेले असतात. चांगल्या महाविद्यालयाला काय लागते हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

१९३५ मध्ये ह्यूस्टन हॉवर्ड सोडून एन. ए. ए. सी. पी. या काळ्यांच्या हक्क-संघटनेचे पूर्णवेळ वकील झाले. त्याच वर्षी त्यांनी आणि मार्शल यांनी डोनाल्ड मरे या तरुणाला मेरीलँडच्या त्याच महाविद्यालयात प्रवेश मिळवून दिला, ज्याचे दार मार्शल यांना बंद होते. १९३८ मध्ये लॉइड गेन्स यांचा मिसुरीतला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. काळ्या विद्यार्थ्याला शेजारच्या राज्यात शिकायला पाठवू, शुल्क देऊ, असे मिसुरीचे म्हणणे होते. न्यायालयाने ते फेटाळले. सोय स्वतःच्या राज्यातच करावी लागेल, असे बजावले. या सुनावणीत ह्यूस्टन बोलायला उभे राहताच न्या. मॅकरेनॉल्ड्स यांनी खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाठ केली, असे सांगितले जाते. विटाळ फक्त आपल्याकडेच मानतात असे कोणी समजू नये.

विजयाची किंमतही नोंदवली पाहिजे. मिसुरीने गेन्स यांना आपल्या विद्यापीठात घेण्याऐवजी काळ्यांसाठी घाईघाईने वेगळे महाविद्यालय उभे केले. आणि १९३९ च्या मार्चमध्ये लॉइड गेन्स शिकागोतून बेपत्ता झाले. ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत. खटल्याला ज्याचे नाव असते तोही हाडामांसाचा माणूस असतो, त्याला सांभाळणे हेही केंद्राचेच काम आहे.

ह्यूस्टन यांचे निधन २२ एप्रिल १९५० रोजी झाले. पुढची चार वर्षे लढाई त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी नेली. मार्शल, ऑलिव्हर हिल, स्पॉट्सवुड रॉबिन्सन, रॉबर्ट कार्टर हे हॉवर्डचेच विद्यार्थी. जेम्स नॅब्रिट तिथले प्राध्यापक. सर्वोच्च न्यायालयात जाण्याआधी युक्तिवादाची रंगीत तालीम हॉवर्डच्या वर्गात व्हायची. प्राध्यापक आणि विद्यार्थी न्यायमूर्ती बनून वकिलांना उभे-आडवे प्रश्न विचारायचे. प्रत्यक्ष न्यायालयात आलेला प्रश्न आधीच हॉवर्डमध्ये विचारला गेलेला असायचा.

तेच वर्ष, मुंबई

ह्यूस्टन यांनी हॉवर्ड सोडले त्याच १९३५ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९२८ पासून ते तिथे शिकवत होतेच. प्राचार्यपदाच्या त्याच वर्षी, १३ ऑक्टोबरला, येवल्याची घोषणा झाली. सरकारी महाविद्यालयाच्या खुर्चीत बसलेला माणूस हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर करतो, ही त्या खुर्चीची नव्हे, त्या माणसाची ताकद होती.

आणि त्याच काळात त्यांचा स्वतःचा खटलाही चालू होता. त्यात ते वकील नव्हते, प्रतिवादी होते. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर महाडच्या सवर्णांनी त्याच वर्षी डिसेंबरात दावा दाखल केला. तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादी काळाची वहिवाट आहे, असा त्यांचा दावा. महाड, ठाणे आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालय. १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. पण कशाच्या आधारावर? अस्पृश्यता अन्याय्य आहे म्हणून नव्हे. वहिवाट अनादी काळापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही म्हणून. दहा वर्षे, तीन न्यायालये आणि विजय मिळाला तो वहिवाटीच्या पुराव्यावर.

मेरीलँड आणि महाड यांत आम्हाला हे साम्य दिसते. दोन्ही ठिकाणी न्यायालयाने मूळ पापाला हात लावला नाही. दोन्ही ठिकाणी लढणाऱ्यांनी शत्रूचाच नियम हातात घेऊन त्याला त्याच नियमावर हरवले. पण दोघांनीही तेवढ्यावर समाधान मानले नाही. तिकडे प्लेसी निकाल उलटेपर्यंत लढाई चालली, इकडे घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यताच रद्द केली. या दोन लढ्यांचे नाते बाबासाहेबांनी स्वतः ओळखले होते. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. डू बॉइस यांनी उत्तरही दिले.

विद्यापीठाची वेस

हॉवर्डची आरती ओवाळणे हा आमचा हेतू नाही. पॉली मरे यांची गोष्ट सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. १९४१ मध्ये त्या हॉवर्डच्या कायदा विभागात आल्या. बायका कायदा शिकायला का येतात कळत नाही, असे एका प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी वर्गात म्हटले. वर्णभेदाला अमेरिकेत ‘जिम क्रो’ म्हणत. मरे यांनी स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या भेदाला ‘जेन क्रो’ हे नाव दिले. १९४४ मध्ये त्या वर्गात पहिल्या आल्या. पुढच्या अभ्यासासाठी हार्वर्डने त्यांना नाकारले, या वेळी रंगावरून नव्हे, बाई म्हणून.

‘समान’वर नव्हे, ‘वेगळे’वरच थेट घाव घाला, हे मरे वर्गात मांडत होत्या तेव्हा पुरुष वर्गमित्र हसले. प्लेसी पंचवीस वर्षांत उलटेल, अशी त्यांनी प्रा. रॉबिन्सन यांच्याशी दहा डॉलरची पैज लावली. दहा वर्षांतच तो उलटला. त्यांनी विद्यार्थी म्हणून लिहिलेला निबंध ब्राउनच्या तयारीत वकिलांनी बाहेर काढून वापरला, पण त्यांना हे कळले पुष्कळ वर्षांनी. वंशभेदाविरुद्ध लढणाऱ्या संस्थेत पुरुषी वर्चस्व कसे नांदते, हे आपल्या चळवळीतल्या भगिनींना वेगळे सांगायला नको.

दुसरी मर्यादा पैशाची. हॉवर्डचा मोठा खर्च अमेरिकन संसदेच्या अनुदानावर चालत असे. १९४३-४४ मध्ये मरे आणि विद्यार्थिनींनी वॉशिंग्टनच्या उपाहारगृहांत काळ्यांना जेवण मिळावे म्हणून ठिय्या दिला. अनुदानावर गदा येईल या भीतीने विद्यापीठ प्रशासनाने तो थांबवायला लावला. विद्यापीठ ज्ञान देते, ग्रंथालय देते, तरुण डोकी देते. पण ज्याच्या हातात तिजोरी त्याचा शब्द शेवटचा. म्हणून ह्यूस्टन यांनी एक पाय विद्यापीठात आणि दुसरा समाजाच्या स्वतःच्या संघटनेत ठेवला. बाबासाहेबांनी तर १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी ही स्वतःची संस्थाच उभी केली आणि १९५६ मध्ये तिचे सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू झाले.

आपले हॉवर्ड कुठे आहे?

आता खरा प्रश्न. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ च्या सत्र न्यायालयाच्या निकालात शिक्षा झाल्या, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा पंचवीस वर्षांच्या कैदेत बदलल्या. जात हे कारण तिथेही मान्य झाले नाही. गाव सांगत होते, देश ओरडत होता, पण न्यायालयाच्या कागदावर जात उतरली नाही. भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये न्यायाची वाट पाहत गेले.

त्या वेळच्या कायद्यात गंभीर गुन्हा ‘जातीच्या कारणावरून’ केला हे सिद्ध करावे लागे. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पीडिताची जात माहीत असणे पुरेसे ठरवले. पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांसाठी १५-अ हे कलम आले. कायदा धारदार झाला. पण धार वापरणारा हात कुठे आहे? फिर्याद नोंदवतानाच नेमकी कलमे लागली का, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे का, साक्षीदाराला संरक्षण मिळाले का, हे पहिल्या दिवसापासून पाहणारा प्रशिक्षित माणूस किती तालुक्यांत आहे?

२० मार्च २०१८ ला, नेमक्या महाड सत्याग्रहाच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात अ‍ॅट्रॉसिटी कायदा बोथट करणारे निर्देश दिले. २ एप्रिलला देशभर आपली माणसे रस्त्यावर उतरली, काहींचे प्राण गेले. संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले. रस्त्यावरच्या ताकदीने हे घडवले, याचा आम्हाला अभिमान आहे. पण निकाल लागल्यावर रस्त्यावर उतरण्याची वेळ येऊ नये म्हणून निकालाच्या आधी जी फळी लागते, ती बांधणे हेच ह्यूस्टन यांचे काम होते.

आज महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. बाबासाहेबांच्या संस्थेचे विधी महाविद्यालय आहे. कायद्याची पदवी घेतलेली आपली हजारो मुले-मुली आहेत. अध्यासने आहेत, पुतळे आहेत, १४ एप्रिलला व्याख्याने आहेत. यातल्या एका तरी ठिकाणी जिल्ह्यातल्या अ‍ॅट्रॉसिटीच्या प्रत्येक खटल्याचे दप्तर ठेवले जावे. विद्यार्थ्यांनी दोषारोपपत्र वाचून त्यातली भोके शोधावीत. उच्च न्यायालयात जाणाऱ्या वकिलाची तालीम वर्गात घेतली जावी. पीडित कुटुंबाला निकालापर्यंत आणि निकालानंतरही एकटे सोडू नये. त्या केंद्राच्या प्रमुखपदी स्त्रिया असाव्यात आणि त्याचा निम्मा खर्च तरी समाजाच्या वर्गणीतून चालावा, म्हणजे अनुदान थांबवण्याची धमकी कोणाला देता येणार नाही.

यासाठी कोणा महापुरुषाची वाट पाहण्याची गरज नाही. ह्यूस्टन यांना काम हातात मिळाले तेव्हा ती मान्यताही नसलेली रात्रशाळा होती. आपल्या हातात त्याहून पुष्कळ जास्त आहे. शिका आणि संघटित व्हा हे आपण पाठ केले. संघर्ष कोर्टाच्या पायरीवर कसा करायचा, याचे शिक्षण आपल्यालाच उभे करावे लागेल. येत्या २० मार्चला महाडला जाताना प्रत्येक जिल्ह्याने आपल्या खटल्यांची यादी बरोबर आणावी. केंद्राचे पहिले दप्तर तिथूनच सुरू होऊ द्या.

जय भीम!